चाल कुणाची, रचना कुणाची?
गोविंद बल्लाळ देवल आणि 'शारदा'तील गीतप्रकार

मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात 'संगीतकार' नावाची व्यक्ती साधारणपणे १९११ साली प्रवेश करते. त्या वर्षी किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले आणि त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. पाठोपाठ १९१६ साली 'स्वयंवर' आले आणि भास्करबुवा बखल्यांचे नाव त्या नाटकाशी कायमचे जोडले गेले. त्यानंतर नाटककार आणि संगीतकार अशी दोन वेगळी नावे लावण्याची आपल्याला सवय झाली.

मग त्याआधीच्या तीस वर्षांचे काय? 'शाकुंतल' १८८० चे, 'सौभद्र' १८८२ चे, 'शारदा' १८९९ चे. या नाटकांना संगीतकार नव्हता काय? याचे ठरीव उत्तर असे, की अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी तयार चाली घेतल्या आणि त्यांत शब्द बसवले. ते कवी होते, नाटककार होते, तालीममास्तर होते, पण संगीतरचनाकार नव्हते. पदांच्या डोक्यावर छापलेली 'चाल–' ही टीप या उत्तराचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

हे उत्तर अपुरे आहे, असे मला वाटते. त्या काळात रचना या शब्दाचा अर्थच निराळा होता. नवा स्वर शोधणे हे रचनाकाराचे पहिले काम नव्हते. कोणत्या पात्राने, कोणत्या क्षणी, कोणत्या गीतप्रकारात बोलावे हे ठरवणे हे पहिले काम होते. या अर्थाने देवल हे त्या काळातील अतिशय जाणते संगीतरचनाकार होते, आणि 'शारदा' ही त्याची सर्वांत स्पष्ट साक्ष आहे.

एकाच परिसरातील तीन टप्पे

माधवनगरात राहणाऱ्याला या विषयाचा भूगोल फार लांब शोधावा लागत नाही. सांगली हाकेच्या अंतरावर, आणि सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर. मराठी संगीत नाटकाच्या रूपात जे तीन मोठे बदल झाले, त्या तिन्हींशी या पट्ट्यातील माणसांचा संबंध आहे.

पहिला टप्पा विष्णुदास भाव्यांचा. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झाले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून तसे काही मराठीत व्हावे, ही त्यामागची प्रेरणा. भाव्यांच्या नाटकात गाणारा एकच, तो म्हणजे सूत्रधार. आख्यान पद्यातून पुढे नेण्याचे काम त्याचे; पात्रांनी प्रसंग उभा करायचा आणि ऐनवेळी सुचेल ते गद्य बोलायचे. राक्षसाने 'अललडुर्र' करून आरोळी ठोकायची, पण स्वतःचे सुखदुःख गाऊन सांगायचे नाही. गाणे कथेच्या मालकीचे होते, पात्राच्या मालकीचे नव्हते.

दुसरा टप्पा किर्लोस्कर-देवलांचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले, आणि सूत्रधाराच्या गळ्यातले गाणे पात्राच्या गळ्यात आले. देवल हे हरिपूरचे, जन्म १८५५ चा. बेळगावात शिकत असताना त्यांना अण्णासाहेबांचा सहवास लाभला आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत ते गुरूंच्या हाताखाली तयार झाले.

तिसरा टप्पा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा. तेही सांगलीचेच, जन्म १८७२ चा. त्यांच्या 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांनी नाट्यपद ख्याल-ठुमरीच्या दारात नेऊन उभे केले.

पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एका टप्प्याला आद्यत्वाचा मान आहे, दुसऱ्याला बालगंधर्वांचे वलय आहे. मधल्या टप्प्यातल्या देवलांची वाखाणणी होते ती मुख्यतः त्यांच्या सोप्या, घरगुती गद्याची आणि सामाजिक विषयाची. त्यांच्या संगीतविचाराकडे मात्र 'चाली जुन्याच' असे म्हणून पाठ फिरवली जाते.

'चाल' घेणे म्हणजे काय?

तयार चालीवर नवे शब्द बसवणे ही आपलीच खोड आहे असे नाही. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे या लेखकाचे 'बेगर्स ऑपेरा' हे नाटक आले. त्यातली बहुतेक गाणी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवरची होती. प्रेक्षकाला मूळ गाणे ठाऊक असे आणि त्याच्या आठवणीवर नव्या शब्दांचा टोला बसे. म्हणजे चाल उसनी घेणे ही तिथे गरिबी नव्हती. तो अर्थ वाढवण्याचा मार्ग होता.

त्यापुढच्या काळात, ज्याला युरोपात संगीताचा अभिजात काळ म्हणतात त्या काळात, मोझार्टने गद्य संवाद आणि गाणी अशा मिश्र बांधणीची जर्मन नाटके केली. १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये पक्षी पकडणारा पापागेनो साध्या, कडव्याकडव्याने परतणाऱ्या लोकगीताच्या वळणाचे गातो. रात्रीची राणी अवघड तानांनी भरलेले दरबारी गाणे गाते. पुरोहित झारास्त्रो स्तोत्राच्या संथपणाने गातो. ऐकणाऱ्याला शब्द कळण्याआधी माणसाचा दर्जा, वय आणि स्वभाव कळतो. मोझार्टच्या चाली अर्थात स्वतःच्या होत्या. पण इथे पाहायचे ते चाल नवी की जुनी हे नव्हे. गीतप्रकारांची ही वाटणी पाहायची. ही वाटणी म्हणजेच नाट्यसंगीतातली रचना.

किर्लोस्करी नाटकाकडे असे पाहिले की 'चाल–' या टिपेचा अर्थ बदलतो. ती उसनवारीची कबुली राहत नाही. गाणाऱ्या नटाला आणि साथीदाराला दिलेली ती सूचना होते. आपल्याकडे स्वरलेखन सर्वत्र रुळलेले नव्हते. तेव्हा पद कसे म्हणायचे हे कागदावर सांगण्याची सर्वांत नेमकी रीत म्हणजे ठाऊक असलेल्या गाण्याचे नाव घालणे.

साकी, दिंडी, कामदा

त्या काळच्या रंगभूमीकडे गीतप्रकारांचे केवढे भांडार होते, हे आज आपण विसरलो आहोत. आख्यानकवींकडून आणि कीर्तनकारांकडून आलेल्या आर्या, साक्या, दिंड्या, कटाव; शाहिरांकडून आलेल्या लावण्या; वारकऱ्यांचे अभंग; बायकांच्या ओव्या आणि खेळांची गाणी; अण्णासाहेबांनी आपल्या मुलखातून आणलेल्या कानडी चाली; आणि थोड्या हिंदुस्थानी चिजा. हे सारे एकाच थैलीत होते.

यांतील वृत्तांचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. साकीच्या ओळीत २८ मात्रा, १६ नंतर विसावा. आठ-आठ मात्रांच्या ठाम पावलांनी ती चालते, म्हणून हकीकत सांगायला सोयीची. दिंडीची ओळ १९ मात्रांची: पहिला भाग नऊ मात्रांचा, तीन-तीन-तीन असा झुलणारा, दुसरा दहाचा, तीन-तीन आणि शेवटी दोन-दोन. त्या शेवटच्या दोन दीर्घ अक्षरांवर आवाज रेंगाळतो, सुस्कारा टाकल्यासारखा. विनवणी, हळहळ, मनाची घालमेल दिंडीत सहज बसते ती यामुळे. कामदा हे अक्षरगणवृत्त. दहा अक्षरांचे लघु-गुरू ठरलेले असल्याने त्यात घाई करता येत नाही. अंजनीगीतात तीन सारख्या चरणांनंतर चौथा आखूड येतो आणि बोलणे एकदम तुटते.

ही वृत्ते नट मोकळ्या लयीत, एखाद्या रागाच्या छायेत म्हणत असे. एक कडवे, फार तर दोन, आणि पुन्हा गद्य. पाश्चात्त्य संगीतनाटकात बोलणे आणि गाणे यांमध्ये एक अर्धगेय पठणाचा प्रकार असतो, तेच काम इथे साकी-दिंडीने केले. म्हणजे किर्लोस्करी नाटकात आवाजाच्या तीन पायऱ्या होत्या: गद्य, मग साकी-दिंडी, मग तालातले पद. पात्राच्या मनातला ताण जसा वाढेल तसे ते एकेक पायरी चढे. मधली पायरी असल्यामुळे 'हा आता मध्येच का गायला लागला?' असा प्रश्न प्रेक्षकाला पडत नसे.

'शारदा'पुढची अडचण

'शारदा'च्या आधीची देवलांची मुख्य संगीत नाटके संस्कृतावर आधारलेली. 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचे, 'मृच्छकटिक' शूद्रकाचे, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. तिथे गाण्याचा प्रश्न सुटलेलाच असतो. उर्वशी अप्सरा आहे, वसंतसेना कलावती गणिका आहे. त्यांनी गावे यात नवल नाही. प्रेक्षकही जुन्या काळात, काव्याच्या मुलखात जाऊन बसलेला असतो.

'शारदा' मात्र स्वतंत्र नाटक आणि देवलांच्या स्वतःच्या काळातले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी वृद्ध, धनाढ्य भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. कोदंड हा तरुण विरोधात उभा राहतो. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली महाराष्ट्र ढवळून निघाला होता, त्याला जेमतेम आठ वर्षे झाली होती. १८९९ साली इंदूरला नाटक आले तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरी, शेजारी किंवा नात्यात असे लग्न झालेले असणार.

आता प्रश्न असा: अशा भिक्षुकाच्या घरातली अल्पवयीन मुलगी रंगमंचावर गाणार कशी? त्या काळच्या घरंदाज मुलीला गाण्याची शिकवण नव्हती. गाणे ही गणिकेची विद्या मानली जाई. शारदेच्या तोंडी लावणीचा ठसका घातला तर तिचे घराणे बुडाले, पक्की चीज घातली तर तिचे वय आणि तिची अवस्था खोटी पडली. आणि तिला गाऊच दिले नाही तर संगीत नाटकाची नायिकाच मुकी.

या अडचणीवर देवलांनी जे उत्तर काढले ते मला रचनाकाराचे उत्तर वाटते. त्या मुलीला गाणे मुळीच माहीत नव्हते असे नाही. तिला घरातले गाणे माहीत होते. मंगळागौरीचे खेळ, फुगडी-झिम्म्याची गाणी, दळताना कानावर पडलेल्या ओव्या, देवळातली कीर्तने, आरत्या. 'शारदा'तील मुलींच्या पदांचे वळण या घरगुती गाण्याचे आहे. लहान ओळी, पटकन परतणारे पालुपद, थोड्या स्वरांत फिरणारी चाल. म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाचा हिशेब मांडणारे ते प्रसिद्ध थट्टेचे पद घ्या. त्यात पंच्याहत्तरीच्या माणसाला 'तसा काही म्हातारा नाही' म्हणून एकेक लक्षण मोजले जाते. खेळातल्या उखाळ्यापाखाळ्यांची ती रीत आहे. मुली खेळात सासूची, नणंदेची नक्कल करतात, तशी इथे वराची होते. चाल निष्पाप आहे, आणि म्हणूनच आशय भयंकर वाटतो. ज्या स्वरांत मुलींनी झिम्मा खेळावा त्या स्वरांत एका मुलीच्या आयुष्याचा सौदा सांगितला जातो.

याच खेळकर पार्श्वभूमीवर शारदेचे भीतीचे पद येते, तेव्हा फरक कानाला जाणवतो. थट्टा ही सर्वांनी मिळून करण्याची गोष्ट, भीती एकटीची. तिथे पालुपदाचा टाळ्या वाजवणारा उत्साह संपतो आणि स्वर जड होतात. भीती ही तिच्यासमोर कोणी व्यक्ती उभी राहावी तशी येते. ज्या मुलीला घरात 'नको' म्हणण्याचा अधिकार नाही, तिला पदाच्या चौकटीत तेवढी जागा मिळते. नाटकात इतर सारे तिच्याबद्दल बोलतात: बाप बोलतो, मध्यस्थ बोलतो, कोदंड बोलतो. सौदा ठरतो तो बहुतांशी गद्यात. तिचा स्वतःचा शब्द मात्र गाण्यात आहे. तिच्याकडे असलेले एकमेव हत्यार देवलांनी तिच्याच घरातून शोधून तिच्या हाती दिले.

या नाटकाच्या परिणामाविषयी एक गैरसमज आपल्याकडे चिकटून बसला आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते या नाटकावरून, असे अनेक जण सांगतात. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. पण मराठी लोकांच्या कानाला 'सारडा' चे 'शारदा' व्हावेसे वाटले, यातच या नाटकाची मुळे किती खोल गेली होती ते दिसते. आणि लोकांनी हे नाटक लक्षात ठेवले ते मुख्यतः पदांतून.

नव्या चाली ठाऊक असूनही

कोणी म्हणेल, देवलांपुढे दुसरा पर्यायच नव्हता. जे हाताशी होते ते त्यांनी वापरले. कालक्रम याला साक्ष देत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' १८९६ साली आले आणि पारशी रंगभूमीच्या नव्या, उडत्या चालींनी त्याने प्रेक्षकांना मोहून टाकले. ते नाटक करणारी मंडळीही किर्लोस्करच. म्हणजे 'शारदा'च्या तीन वर्षे आधी, देवलांच्याच माहेरघरी, नव्या चालींचा बाजार भरला होता. तरी देवल घरगुती वळणावर राहिले. हा अडाणीपणा नव्हे, ही निवड आहे.

या पद्धतीचे दोषही मान्य केले पाहिजेत. किर्लोस्करी संगीतात एकाच चालीची पुन्हा पुन्हा योजना होई; शंभरावर पदांच्या नाटकात काही पदे निव्वळ भरतीची वाटत. राग खुलवायला गायकाला अवकाश कमी मिळे. भाऊराव कोल्हटकरांसारखा असामान्य आवाजाचा नट होता तोवर या साध्या चाली सोन्याच्या झाल्या; १९०१ मध्ये भाऊराव गेले आणि त्यांचा साधेपणा उघडा पडू लागला. श्रोत्यांचे कानही बदलत होते. मिरजेसारख्या गावात ख्यालगायकांचा वावर वाढला होता. १९०५ साली त्याच मिरजेत बालगंधर्व शकुंतला होऊन किर्लोस्कर मंडळीतर्फे उभे राहिले, तेव्हा नव्या गाण्याला नवा गळाही मिळाला.

'मानापमान'मध्ये टेंब्यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या, 'स्वयंवर'मध्ये बखलेबुवांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. या चालींनी सामान्य मराठी माणसाला राग ऐकायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण कामाची वाटणी झाली. चाल आधी, शब्द नंतर. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे. पदांची संख्या पन्नासाच्या आसपास आली, पण एकेक पद पसरले, 'वन्स मोअर' वाढले, आणि साकी-दिंडीची मधली पायरी हळूहळू निखळली. गद्यातून एकदम मैफलीत उडी मारावी लागू लागली. रुक्मिणी गाते तेव्हा आपण बालगंधर्व ऐकतो. शारदा गाते तेव्हा आपण शारदा ऐकतो. दोन्ही आनंद खरे आहेत, पण ते एक नव्हेत.

देवलांनी या बदलाला कसे उत्तर दिले, ते त्यांच्या शेवटच्या नाटकात दिसते. 'फाल्गुनराव' हे त्यांचे जुने गद्य प्रहसन. मूळ मोलियेरचे, आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपांतरातून आलेले. गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी त्यात पदे घातली आणि त्याचे 'संशयकल्लोळ' झाले. १४ जून १९१६ रोजी देवल वारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नाटक रंगभूमीवर आले. इथे पदांचा बाज नव्या काळाचा आहे. पण पदे कोणाला दिली आहेत पाहा. मुख्यतः रेवती आणि आश्विनशेठ या प्रेमिकांना. संशयाने पछाडलेला फाल्गुनराव, जो नाटकाचा कणा, तो गद्यात वावरतो. संशयी माणसाला दम घ्यायला सवड नसते. तो गाईल कधी? चाली नव्या आल्या तरी कोणी गावे आणि कोणी गाऊ नये, हा देवलांचा जुना विवेक शेवटपर्यंत शाबूत होता.

कात्री कुठे चालते?

हा केवळ इतिहासाचा वाद असता तर मी दिवाळी अंकाची इतकी पाने अडवली नसती. प्रश्न आजच्या प्रयोगांचा आहे. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवायचे तर काटछाट करावी लागणारच. मी पाहत आलो आहे, की ती कात्री सर्वांत आधी साकी, दिंडी, कामदा यांच्यावर चालते. 'त्यात गाणे असे काही नाही' हे कारण दिले जाते. लोकप्रिय पदे राहतात, उलट लांबतात. घरगुती चालीच्या पदावर ताना चढतात.

याची सुरुवात जुनी आहे. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात सुटे पद बसे. गद्यातून साकीत आणि साकीतून पदात जाणारा प्रवास बसत नसे. तबकडीने पद नाटकातून सोडवून घेतले, रेडिओ आणि मैफलीने ते तसेच पुढे दिले, आणि आता आपण त्या सुट्या पदांची माळ करून तिला संगीत नाटक म्हणतो. भावे पदकाच्या निमित्ताने दर ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमीची आठवण जागते, त्या गावाने तरी हा फरक विसरू नये.

यात नुकसान वृत्तांचे नाही, शारदेचे आहे. तिच्या तोंडची थट्टा आणि भीती यांमधल्या पायऱ्या काढून टाकल्या, तिच्या घरगुती चालीला मैफलीचा शालू नेसवला, की ती अडचणीत सापडलेली मुलगी राहत नाही. ती गायिका होते. गायिकेची आपण तारीफ करतो, टाळी देतो आणि घरी जातो. मुलीबद्दल मात्र आपल्याला काहीतरी वाटायला हवे होते. देवलांनी जी रचना केली होती ती नेमकी त्यासाठी.

म्हणून संगीत नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींना माझे सुचवणे साधे आहे. पद लांबवण्याआधी एक साकी परत घाला. दिंडी तबल्याशिवाय, बोलण्याच्या अंगाने म्हणून पाहा. १९ मात्रांचा तो झोका आजही नटाच्या जिभेवर बसतो. तालमीला पेटीवाल्याबरोबर संहितेचे जुने पुस्तकही ठेवा आणि पदांवरच्या 'चाल–' या टिपा वगळू नका. आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'संगीत' या शब्दापुढे कोणाचे नाव घालावे असा प्रश्न पडला, तर 'शारदा'च्या बाबतीत ते खुशाल लिहा: गोविंद बल्लाळ देवल, हरिपूर.